सगळे रस्ते एकाच गावाला जातात का?

धम्मदीक्षेचा विषय निघाला की आपल्या तरुण कार्यकर्त्यांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "सगळे धर्म शेवटी एकाच ठिकाणी नेतात, मग बदलायचा कशाला?" कधी ऑफिसमधला सहकारी हे म्हणतो, कधी कॉलेजच्या कट्ट्यावरचा मित्र, तर कधी वाहिनीवरच्या चर्चेतले वक्ते. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. भांडण नको, सगळ्यांनी गुण्यागोविंदाने राहावे, एवढाच त्याचा हेतू असतो. हेच वाक्य आता आपल्या वस्त्यांतही दुसऱ्या रूपात ऐकू येते : "ज्याचा त्याचा मार्ग. कुणाला विपश्यना जमते, कुणाला मोर्चा जमतो, कुणाच्या घरी गणपती बसतो. आपण कशाला बोलायचे?"

विचारवंत याला सापेक्षतावाद म्हणतात. म्हणजे सत्य असे एक काही नसते, ज्याला जे पटेल ते त्याचे सत्य. हा विचार ऐकायला उदार वाटतो. पण गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहिल्या की या उदारपणाचा वापर कोण कशासाठी करतो, हे तपासणे भाग पडते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. माणसागणिक साधना वेगळी असू शकते, हे तथागतांना मान्य होते. पण म्हणून सगळे मार्ग सारखेच खरे, असे ना तथागत म्हणाले, ना बाबासाहेब. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आपला निवडीचा हक्कही जातो आणि पारखण्याची सवयही जाते.

जाताना परवानगी, परतताना सूट

आधी कायद्याकडे पाहू. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरात सरकारच्या गृह विभागाने एक परिपत्रक काढले. हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाऊ इच्छिणाऱ्यांचे अर्ज काही कार्यालये एक ठरावीक उत्तर देऊन निकाली काढत होती. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये शीख, जैन आणि बौद्ध हे हिंदूंतच धरले आहेत, तेव्हा परवानगीची गरज नाही, असे ते उत्तर होते. परिपत्रकाने सांगितले की गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यापुरता बौद्ध धर्म स्वतंत्र मानायचा आणि धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. तिथल्या काही बौद्ध कार्यकर्त्यांनी या परिपत्रकाचे स्वागत केले, कारण बौद्ध धर्म हिंदू धर्माची शाखा नाही हे सरकारने लेखी मान्य केले. त्यांचा आनंद आम्ही समजू शकतो. पण त्याच कागदाने दीक्षेच्या दारात सरकारी परवानगी उभी केली, हेही खरे आहे.

याच गुजरातमध्ये २००६ साली याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले होते. जैन आणि बौद्ध हे हिंदूंचेच पंथ समजावेत, अशी त्यात तरतूद होती. त्याला विरोध झाला, राज्यपालांनी ते परत पाठवले आणि २००८ मध्ये सरकारने ते मागे घेतले. म्हणजे अठरा वर्षांच्या आत एकाच राज्याने आपल्याला एकदा 'तुम्ही वेगळे नाहीच' असे सांगितले आणि एकदा 'तुम्ही वेगळे आहात, म्हणून परवानगी घ्या' असे सांगितले.

इथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. अनुच्छेद २५ मधील ते स्पष्टीकरण फक्त खंड (२) मधील उपखंड (ख) पुरते आहे. समाजसुधारणेचे कायदे करणे आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणे, एवढाच त्या उपखंडाचा विषय आहे. बौद्ध हे धर्माने हिंदू आहेत, असे संविधान कुठेही म्हणत नाही.

इतर राज्यांत काय चालले आहे? उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे तसे लिहून द्यावे लागते. पण आपल्या आधीच्या धर्मात परत जाणे हे तिथे धर्मांतर धरले जात नाही. राजस्थान विधानसभेने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकातही मूळ, वाडवडिलांच्या धर्मात परतणाऱ्याला सूट आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने अशा कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली.

जबरदस्तीने किंवा फसवून कुणाचा धर्म बदलणे चुकीचेच आहे. त्याबद्दल आमचे दुमत नाही. प्रश्न वेगळा आहे. सगळे रस्ते खरोखरच एकाच गावाला जात असतील, तर एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जायला परवानगी कशाला? आणि नाका फक्त जातानाच का, परतताना का नाही? आपल्याला 'सगळे मार्ग सारखे' असे ऐकवणाऱ्या समाजात कायदा मात्र सगळे मार्ग सारखे मानत नाही.

बोधगयेत हेच वाक्य वेगळ्या कामाला येते. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन ज्या समितीकडे दिले, तिच्यात चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि जिल्हा दंडाधिकारी अध्यक्ष असतात. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट तर २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी तिथे उपोषण सुरू केले आणि महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या ही जुनी मागणी देशभर पोहोचली. त्यावरचा युक्तिवाद ओळखीचाच होता : बुद्ध हा विष्णूचा अवतार, मग हे स्थळ सगळ्यांचेच. हाच न्याय दुसऱ्या एखाद्या धर्माच्या सर्वांत पवित्र स्थळाला लावावा, अशी मागणी आम्ही तरी ऐकलेली नाही. 'सगळे एकच' असे म्हणताना कुणी कुणात मिसळून जायचे, हे आधीच ठरलेले असते. बावीस प्रतिज्ञांमध्ये बाबासाहेबांनी बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास स्पष्ट नकार का दिला, याचे उत्तर बोधगयेत आजही मिळते.

१९३५ चाच वाद

हा वाद आपल्याला नवा नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यावर गांधीजींची प्रतिक्रिया अशी होती की धर्म म्हणजे काही घर किंवा अंगावरचे वस्त्र नव्हे, की मनाला येईल तेव्हा बदलावे. सर्व धर्म मुळात खरे आहेत आणि सर्वांत काही उणिवाही आहेत, म्हणून प्रत्येकाने आपल्या वाडवडिलांच्या धर्मात राहून तो सुधारावा, ही त्यांची भूमिका होती. तिच्यामागे एक चांगली गोष्टही होती, हे मान्य करायला हवे. आपलाच धर्म श्रेष्ठ आणि बाकीचे अंधारात, या अहंकाराला त्यांचा विरोध होता. पण ज्याला स्वतःच्या धर्मात विहिरीवर पाणी भरता येत नाही आणि देवळाची पायरी चढता येत नाही, त्याला 'तिथेच राहा, सगळे धर्म सारखेच आहेत' असे सांगण्याचा अर्थ काय होतो?

बाबासाहेबांनी या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले आहे. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात हिंदू धर्म सोडण्याविषयी एक प्रकरण आहे. ते प्रत्येक तरुणाने वाचावे. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाने एक चांगले काम केले, असे ते तिथे मान्य करतात. माझाच धर्म खरा हा गर्व त्या अभ्यासाने मोडला. पण त्यातूनच सगळे धर्म सारखेच चांगले, म्हणून निवड करण्यात अर्थ नाही, असा चुकीचा समज पसरला. त्यांचा मुद्दा साधा आहे. सगळे धर्म चांगल्याचा शोध घ्या म्हणतात, इथवर ते सारखे आहेत. पण चांगले म्हणजे काय, या प्रश्नाला ते वेगवेगळी उत्तरे देतात. एक बंधुभाव चांगला म्हणतो, दुसरा जातीची उतरंड पवित्र मानतो. ही दोन उत्तरे एकाच गावाला नेत नाहीत.

'तुमच्यासाठी तुमचा मार्ग' हे कोण ठरवतो?

माणसे वेगळी म्हणून मार्ग वेगळे, हा विचार आपल्या देशात जुना आहे. त्याला शास्त्रात नाव आहे : अधिकारभेद. ज्याचा जसा अधिकार, तशी त्याची उपासना. कागदावर हे मानसशास्त्र वाटते. प्रत्यक्षात तो अधिकार माणसाचा स्वभाव पाहून ठरत नव्हता. तो जन्मावरून ठरत होता. वेद काहींसाठी, पुराणे इतरांसाठी. स्त्रिया आणि शूद्र यांच्यासाठी सोपा मार्ग आहे, असे मोठ्या मायेने सांगितले जाई, आणि अवघड मानलेल्या मार्गाचे दार मात्र बंद ठेवले जाई.

महाराष्ट्राला याचा धडा कोल्हापुरात मिळाला. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजर्षी शाहू महाराजांसाठी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. कारण त्याच्या दृष्टीने राजा शूद्र होता. मंत्रही होते, पुरोहितही होता, स्नानही झाले. एखादा आजचा सापेक्षतावादी म्हणेल, काय बिघडले? दोन्ही मंत्र पवित्रच की! पण शाहू महाराजांना कळले की 'तुझ्यासाठी हा मंत्र' या शब्दांत 'तुझी जागा ही' असा हुकूम दडलेला आहे. राज्य करणाऱ्याची ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल? पंढरपुरात संत चोखामेळ्यांची समाधी मंदिराच्या पायरीपाशी आहे. त्यांच्या भक्तीचा गौरव सगळे करतात, पण त्यांना हयातीत त्या पायरीपुढे जाता आले नाही.

म्हणून 'वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे मार्ग हवेत' हे वाक्य ऐकले की आपला पहिला प्रश्न हा असावा : कोणता मार्ग कुणाचा, हे ठरवणार कोण? तो माणूस स्वतः, की त्याच्या जन्माचा दाखला?

मनसाकटच्या दोन तरुणांचा प्रश्न

गंमत म्हणजे हा प्रश्न तथागतांना थेट विचारला गेला होता, आणि विचारणारे तरुणच होते. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात ही हकीकत आहे. कोसल देशात अचिरवती नदीच्या काठी मनसाकट नावाचे गाव होते. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद झाला. माझ्या गुरूंनी सांगितलेला मार्गच ब्रह्माकडे सरळ नेतो, असे दोघेही म्हणत होते. वाद मिटेना म्हणून ते तथागतांकडे आले. तिथे वासेट्ठाने एक उपमा दिली. एखाद्या गावाजवळ अनेक रस्ते असतात आणि ते सगळे शेवटी त्या गावातच येऊन मिळतात, तसेच वेगवेगळ्या ब्राह्मणांचे हे वेगवेगळे मार्ग आहेत का?

आपल्या कट्ट्यावरच्या मित्राचा प्रश्न अडीच हजार वर्षे जुना आहे, तो हा असा.

तथागत 'हो' म्हणाले नाहीत आणि 'माझाच खरा' असेही म्हणाले नाहीत. त्यांनी उलट विचारले : ते मार्ग नेतात, असे तू म्हणतोस? तीनदा विचारून त्यांनी वासेट्ठाकडून त्याचे म्हणणे पक्के करून घेतले. मग पुढचा प्रश्न आला. तीन वेद जाणणाऱ्या या ब्राह्मणांपैकी एकाने तरी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे का? त्यांच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? मागच्या सात पिढ्यांत कुणी? प्राचीन ऋषींनी? प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' असेच आले. तेव्हा तथागत म्हणतात की ही आंधळ्यांची रांग झाली. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्याला दिसत नाही. चौकात जिना बांधणाऱ्या माणसाचीही उपमा ते देतात. कोणत्या वाड्यासाठी जिना बांधतोस, वाडा कुठल्या दिशेला आहे, किती उंच आहे, असे विचारले तर त्याला काहीच सांगता येत नाही.

रस्ते एकाच गावाला जातात असे म्हणणाऱ्याने ते गाव पाहिलेले असले पाहिजे. नाही तर हे वाक्य म्हणजे ज्ञान नव्हे, ती नुसती सौजन्याची भाषा झाली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हाच संवाद घेतला आहे, आणि तो अधम्म म्हणजे काय हे सांगताना घेतला आहे.

पण सुत्त इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. त्या दोघांना हरवून तथागतांनी परत पाठवले नाही. त्यांनी विचारले की ब्रह्मा निर्वैर आहे, असे तुम्ही मानता, मग वैर मनात बाळगणारा त्याच्याजवळ कसा जाईल? आणि मग त्यांना मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा मार्ग सांगितला. समोरच्याची भाषा घेतली, त्याच्या ओढीचा मान राखला आणि रस्ता मात्र असा दिला, जो चालून पाहता येतो.

आंधळे आणि हत्ती ही गोष्टही अशीच उलटी वापरली जाते. ही कथा उदान ग्रंथात आहे. 'प्रत्येकाच्या हाती सत्याचा एक तुकडा आहे, म्हणून सगळेच बरोबर', असे तिचे तात्पर्य सांगितले जाते. मूळ कथेत ते जन्मांध लोक एकमेकांना गुद्दे मारतात. हत्ती सुपासारखा आहे हे म्हणणे तिथे 'त्याचे सत्य' ठरत नाही, तो अपुऱ्या माहितीवर धरलेला हट्ट ठरतो. तथागतांचा रोख या हट्टावर आहे. 'माझेच खरे' म्हणणाऱ्यालाही ती कथा लागू होते आणि 'सगळ्यांचेच खरे' म्हणून तपासणी टाळणाऱ्यालाही.

कापडाचा तुकडा आणि सोन्याचे कमळ

मग माणसामाणसांत फरक नसतो का? नक्कीच असतो. आणि तो फरक जितका बारकाईने बौद्ध परंपरेने पाहिला, तितका क्वचितच कुणी पाहिला असेल.

चूळपंथकाची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. थोरल्या भावाने दिलेली एक गाथा त्याला चार महिन्यांत पाठ होईना. भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला पाठांतर दिलेच नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला आणि तो चोळत बसायला सांगितले. कापड मळत गेले, आणि त्यावरून त्याला अनित्यता उमगली. धम्मपदाच्या अट्ठकथेत दुसरी कथा सोनाराच्या मुलाची आहे. तो सारिपुत्तांचा शिष्य. तरुण आहे, मनात वासना असणार, म्हणून सारिपुत्तांनी त्याला देहाच्या अशुभतेचे ध्यान दिले. त्याची काहीच प्रगती होईना. तथागतांनी त्याला सोन्याचे कमळ पाहायला दिले. जन्मभर सुंदर सोने हाताळलेल्या त्या मुलाचे मन तिथे लगेच एकाग्र झाले, आणि ते कमळ कोमेजताना पाहून त्याला जे कळायचे ते कळले. सारिपुत्तांसारख्या महास्थविरांचाही अंदाज चुकला, आणि परंपरेने ही चूक लपवली नाही. पुढे आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात माणसांचे सहा स्वभाव आणि ध्यानाचे चाळीस विषय सांगून कुणाला काय मानवते याची मांडणीच केली.

आता हे अधिकारभेदाशेजारी ठेवून पाहा. इथे साधना ठरते ती माणसाकडे पाहून, त्याच्या जातीकडे पाहून नव्हे. ती जमली नाही तर बदलता येते. आणि पोहोचायचे ठिकाण सगळ्यांना एकच, सगळ्यांना खुले. रस्ता झाडणाऱ्या सुनीतासाठी वेगळे, खालच्या दर्जाचे निर्वाण ठेवलेले नव्हते. औषध रोग्यागणिक बदलते, पण रोगी बरा झाला की नाही हे पाहण्याची रीत बदलत नाही.

आपल्या घरातले प्रश्न

हे सगळे इतरांना सुनावण्यापुरते ठेवले तर उपयोग नाही. आज आपल्या तरुणांपुढे अनेक वाटा आहेत. कुणी भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरांतून घडला, कुणी इगतपुरीला दहा दिवस बसून आला, कुणी त्रिरत्न बौद्ध महासंघात आहे, कुणी स्वतःला फक्त आंबेडकरवादी म्हणवतो आणि ध्यानाच्या वाटेला जात नाही. यांच्यातले वाद रोज वाचायला मिळतात. 'विपश्यनावाले आंदोलनात दिसत नाहीत', 'आंदोलनवाल्यांना पंचशील आठवत नाही', 'खरे बौद्ध आम्हीच'. यातले बरेचसे भांडण कापडाचा तुकडा चांगला की सोन्याचे कमळ चांगले, एवढेच आहे. एकाला शांत बसून मन कळते, दुसऱ्याला अन्यायग्रस्त कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात उभे राहून करुणा म्हणजे काय ते कळते. दोघांनाही एकमेकांच्या वाटेने थोडे चालून पाहिले तर फायदाच होईल.

पण प्रत्येक गोष्ट 'ज्याची त्याची साधना' या खात्यात टाकता येत नाही. दीक्षा घेतली, प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरात गंडेदोरे, मुहूर्त, पत्रिका चालू राहिली, तर ती वेगळी साधना नाही. तो आपणच दिलेल्या शब्दाचा भंग आहे. इथे फरक कसा करायचा? यासाठी कालाम सुत्त पुन्हा नीट वाचावे, असे आम्ही सुचवतो. तथागत सांगतात म्हणूनही मानू नका, मनाला पटेल ते माना, एवढ्यावरच हल्ली त्या सुत्ताची बोळवण होते. केसपुत्त गावच्या कालामांची अडचण आपल्यासारखीच होती. गावात येणारा प्रत्येक गुरू आपले खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणत होता. 'ज्याला जे रुचेल ते घ्या' असे उत्तर त्यांना मिळाले नाही. लोभ, द्वेष आणि मोह वाढवणारे सोडा, ते कमी करणारे धरा, सुज्ञ लोक कशाला दोष देतात तेही पाहा, अशी कसोटी मिळाली.

त्या आधारावर आम्ही तीन प्रश्न पुढे ठेवतो. एक, हा मार्ग मी निवडला आहे, की तो माझ्या जन्मासोबत मला चिकटला आहे? दोन, यावर चालून माझ्यातला लोभ, द्वेष आणि मोह कमी होतो आहे का? तीन, या मार्गावर माझ्या शेजारच्या माणसाची प्रतिष्ठा वाढते की घटते?

हे प्रश्न इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारू. आमच्यापैकी अनेकजण दुसऱ्या पिढीचे, तिसऱ्या पिढीचे बौद्ध आहेत. म्हणजे आम्हालाही धम्म जन्मानेच मिळाला. १९५६ साली आजोबांनी केलेली निवड आम्ही स्वतः पुन्हा केली आहे का? तिसरा प्रश्न तर जास्तच टोचतो. बौद्ध वधू-वर मेळाव्यांत आजही पोटजात विचारली जाते. पूर्वाश्रमीच्या दुसऱ्या जातीतून आलेल्या बौद्ध कुटुंबाला वस्तीतल्या विहारात परके वाटते. जो मार्ग जात मोडण्यासाठी घेतला, त्यावर चालताना जात सोबत नेली, तर चूक मार्गाची नाही, चालणाऱ्याची आहे. पण ती दाखवण्यासाठीही कसोटी लागते. 'ज्याचे त्याचे' म्हटले की ती चूक दिसेनाशी होते.

आदर द्यावा, होकार देण्याची सक्ती नाही

अनेक तरुणांना भीती वाटते की असे परखड बोललो तर आपण कट्टर ठरू. आई अजून गावच्या जत्रेला जाते, मित्र वारी करतो, त्यांना दुखवायचे का? मुळीच नाही. मज्झिमनिकायात उपाली गृहपतीची कथा आहे. निगंठांचा हा श्रीमंत उपासक नालंदा येथे तथागतांशी वाद घालायला आला आणि त्यांचा उपासक झाला. तथागतांनी त्याला आधी नीट विचार करून पाहायला सांगितले. तुझ्यासारख्या प्रसिद्ध माणसाने घाई करू नये, असे ते म्हणाले. आणि इतकी वर्षे तुझे घर निगंठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा त्यांना भिक्षा देणे बंद करू नकोस, असेही सांगितले. मत नाकारले, पण माणसाचे ताट काढून घेतले नाही. धर्मांतर कसे असावे याचा याहून चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही. सम्राट अशोकानेही बाराव्या शिलालेखात हाच संयम शिकवला. कारण नसताना दुसऱ्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्याने दगडावर कोरून ठेवले.

म्हणून आईशी वाद घालताना देव्हाऱ्यावर हात टाकू नये. तिच्यासोबत विहारात जावे, तिच्या शंकांना वेळ द्यावा. मनसाकटच्या तरुणांना मिळाला तेवढा वेळ तिलाही मिळायला हवा.

जनगणनेचा रकाना

शेवटी एक तातडीची गोष्ट. येत्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. गणना करणारे दारात येतील आणि धर्म विचारतील. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४.४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले सुमारे ६५.३ लाख महाराष्ट्रातले. खरा आकडा याहून मोठा आहे, असे आपण भाषणांत म्हणतो. पण घरातला जो माणूस त्या वेळी दारात असतो, तो 'काहीही लिहा, काय फरक पडतो' म्हणून मोकळा होतो. हाच तो सापेक्षतावाद, आपल्या उंबरठ्यावरचा. काहींना सवलती जातील अशी भीती वाटते. ती निराधार आहे, कारण १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धांनाही ती मान्यता आहे. तेव्हा प्रत्येक विहाराने वर्षावासातल्या एका रविवारी हा विषय घ्यावा आणि धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे का लिहायचे, हे घराघरांत समजावून सांगावे.

कुशीनाऱ्यात अखेरच्या रात्री सुभद्द नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की एवढे नामवंत आचार्य आहेत, त्या सगळ्यांना खरेच सत्य कळले आहे का? तथागत म्हणतात, ते राहू दे. जिथे अष्टांगिक मार्ग आहे, तिथे खरे श्रमण सापडतील. नाव कुणाचे, पाटी कोणती, यावर त्यांनी बोट ठेवले नाही. मार्गावर ठेवले.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावरचा मित्र म्हणाला की सगळे रस्ते एकाच गावाला जातात, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला चहा पाजा आणि विचारा : ते गाव कुणी पाहिले आहे? त्या गावात माझ्या आजोबांना घर मिळाले असते का? आणि रस्ते सगळे सारखेच असतील, तर मी माझा रस्ता स्वतः निवडला याचे तुला वाईट का वाटावे?

जय भीम! नमो बुद्धाय!